एजंट : ओळखीचा की नोंदणीचा?

पनवेल तालुक्याच्या भूमीवर उभारलेल्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी तेथून प्रवासी विमाने उडू लागली. परदेश आता अंगणात आला, अशी भावना पनवेल-उरणच्या घराघरांत निर्माण झाली असल्यास नवल नाही. वस्तुतः बाहेर पडणाऱ्या कोकणी माणसाचा उंबरठा पनवेल हाच पूर्वापार राहिला आहे. एके काळी येथील खाडीत गलबते लागत. पुढे मुंबई-गोवा महामार्गाचा आरंभ येथून झाला, आणि म्हसळा, श्रीवर्धन, महाडकडून आखाती देशांत निघालेल्या मुलांच्या पेट्याही पनवेलवरूनच मुंबईकडे गेल्या. तथापि विमानतळ जवळ आला म्हणून परदेश जवळ येतोच असे नाही. घर आणि विमान यांच्यामध्ये एक माणूस उभा असतो. शहरात त्याला कन्सल्टंट म्हणतात, बाजारात एजंट म्हणतात. गावाकडे त्याचे नुसते आडनाव पुरते.

मुलीला स्थळ पाहताना चार ठिकाणी चौकशी करणारे, पतपेढीतून कर्ज काढताना दोन जामीनदार उभे करणारे आपले मध्यमवर्गीय कुटुंब हा माणूस निवडताना मात्र एकच प्रश्न विचारते : ‘ओळखीचा आहे ना?’ भविष्य निर्वाह निधीतून उचल घेतलेली असते, आईचे दागिने गहाण पडलेले असतात, आणि या सर्वांचा आधार म्हणजे कोणाच्या तरी मेहुण्याचा मित्र त्या एजंटामार्फत गेला होता, ही ऐकीव माहिती. ओळख ही काही टाकाऊ वस्तू नव्हे. खेड्यात तीच माणसाची पत असते. परंतु ओळखीचा माणूस ज्याची हमी देतो त्याच्या हाती बहुधा काहीच नसते, आणि ज्याच्या हाती सर्व काही असते त्याला या ओळखीच्या माणसाने कधी पाहिलेलेही नसते.

हा मध्यस्थ आजचा नव्हे. मॉरिशसमध्ये आज गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते, याचे आपल्याला कौतुक वाटते. परंतु तेथील मराठी समाजाचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी, कुलाबा, सातारा या भागांतून उसाच्या मळ्यांवर गेले ते गिरमिटाच्या करारावर, आणि त्यांना बंदरापर्यंत आणणारा भरतीदारच होता. उत्तर हिंदुस्थानात अशा भरतीदाराला ‘आरकाटी’ म्हणत. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या नामदार गोखल्यांनी १९१० मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात नाताळसाठी होणारी मजूरभरती बंद करण्याचा ठराव मांडला आणि तो मान्य झाला. १९१२ मध्ये संपूर्ण गिरमिट पद्धतच रद्द करावी असा ठराव त्यांनी आणला. तो मात्र फेटाळला गेला. भरतीच्या वेळी होणारी फसवणूक हा त्यांच्या आक्षेपांतील एक प्रमुख मुद्दा होता. करारावर अंगठा उठविणाऱ्याला आपण कोठे चाललो, किती दिवसांसाठी चाललो, काम कोणते, हे ठाऊकच नसे. १९१७ मध्ये ही भरती थांबली. पण त्या काळात निर्माण झालेले एक पद अजून टिकून आहे : उत्प्रवासी संरक्षक. त्याचे कार्यालय मुंबईत आहे. पनवेलमधून परदेशी जाणाऱ्या किती कुटुंबांनी या अधिकाऱ्याचे नाव ऐकले असेल?

स्वातंत्र्यानंतर बराच काळ देशात १९२२ चाच उत्प्रवास कायदा चालू होता. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले, आखातात बांधकामांचा धडाका सुरू झाला, आणि गवंडी, सुतार, वाहनचालक यांना मागणी आली. मुंबई ही या भरतीची पेठ झाली. बनावट व्हिसा, पोहोचल्यावर बदललेला करार, मालकाने काढून घेतलेले पारपत्र, ही नित्याची तक्रार झाली. अखेरीस प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, न्यायालयाने १९७९ मध्ये एजंटांच्या नोंदणीबाबत अंतरिम निर्देश दिले, आणि १९८३ चा उत्प्रवास कायदा आला. या कायद्याचा गाभा सोपा आहे. परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्याने केंद्र सरकारकडे नोंदणी केलीच पाहिजे, बँकेची हमी ठेवलीच पाहिजे, आणि उमेदवाराकडून ठरावीक मर्यादेपलीकडे सेवाशुल्क घेता कामा नये. नियमांनुसार ही मर्यादा ३०,००० रुपये अधिक वस्तू व सेवा कर अशी ठरविण्यात आली आहे. याच कामासाठी लाख-दोन लाख मोजून आलेले गृहस्थ ‘स्वस्तात झाले’ असे समाधानाने सांगतात तेव्हा हसावे की रडावे कळत नाही.

नोंदणी झालेल्या एजंटांची यादी गुप्त नाही. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर ती कोणालाही पाहता येते. चालू नोंदणी कोणाची, मुदत कोणाची संपली, कोणाची नोंदणी निलंबित झाली, हे तेथे कळते. नोंदणी नसताना धंदा करणारे म्हणून ज्यांच्याविरुद्ध तक्रारी आल्या त्यांची वेगळी यादीही तेथे दिलेली असते. पाच मिनिटांचे काम आहे. पण या पाच मिनिटांतही एक मेख आहे. पाटीवर रंगविलेला परवान्याचा आकडा खरा असतो. तो समोर बसलेल्या माणसाचा असतोच असे नाही. मुंबईतल्या नोंदणीकृत संस्थेचे नाव सांगायचे, तिच्या परवान्याची छायाप्रत भिंतीवर लावायची आणि पैसे मात्र आपल्या खिशात रोख घ्यायचे, हा गावोगावच्या दलालांचा परिपाठ आहे. कायदा नोंदणी झालेल्याला ओळखतो. त्याच्या वतीने तालुक्यात हिंडणाऱ्या या दलालाला ओळखत नाही. म्हणून परवाना पाहण्यापेक्षाही महत्त्वाचे आहे ते परवानाधारकाच्या मूळ कार्यालयात स्वतः जाणे, हा माणूस तुमचाच आहे काय हे विचारणे, आणि पैसे त्या संस्थेच्या नावाने, बँकेतून, पावती घेऊन देणे. रोखीचा आग्रह धरणारा माणूस कितीही गोड बोलला तरी तेथून उठावे.

दुसरी गोष्ट कराराची. नोकरीचा करार येथेच, निघण्यापूर्वी, हाती पडला पाहिजे. त्यात पगार, कामाचे तास, राहण्याची सोय आणि परतीचे भाडे कोणाकडे हे लिहिलेले असले पाहिजे. ‘तूर्त पर्यटक व्हिसावर चला, तिकडे बदलून देऊ’ हे वाक्य ज्याच्या तोंडी येईल त्याच्याशी पुढे बोलण्याचे कारण उरत नाही. कारण त्या क्षणापासून जाणारा मनुष्य त्या देशाच्या दृष्टीने कामगार नसतो, आणि आपल्या सरकारच्या दप्तरीही कामगार म्हणून त्याची नोंद नसते.

येथपर्यंतचे वाचून शिक्षक वा कारकून वाचक म्हणेल, हे गवंड्या-सुतारांसाठी ठीक आहे, आमची मुले पदवीधर आहेत. खरी गंमत, किंबहुना खरा धोका, येथेच आहे. दहावी न झालेल्या माणसाला आखातासह अठरा देशांत नोकरीसाठी जाताना उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागते. दहावी झालेल्याच्या पारपत्राला ही अट नाही. शिकलेला माणूस आपले हित जाणतो, असे कायद्याने गृहीत धरले. त्यामुळे कमी शिकलेल्याचा करार निदान एका सरकारी अधिकाऱ्याच्या नजरेखालून जातो. पदवीधराचा कोणाच्याच नजरेखालून जात नाही. मार्च २०२५ मध्ये म्यानमारमधल्या सायबर गुन्हेगारीच्या अड्ड्यांतून सुटलेल्या सुमारे साडेपाचशे भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी थायलंडमार्गे परत आणावे लागले. या टोळ्यांना फावडे चालविणारे हात नको होते. संगणकावर झरझर टंकन करणारी, इंग्रजी बोलणारी, थायलंडमधल्या नोकरीच्या जाहिरातीला भुललेली मुले हवी होती. शिक्षणाने त्यांना वाचविले नाही. शिक्षणामुळेच ती सावज झाली.

आणि जी मुले नोकरीसाठी नव्हे, तर शिकण्यासाठी किंवा कायमच्या वास्तव्यासाठी जातात, त्यांच्या सल्लागारांना तर १९८३ चा कायदा लागूच होत नाही. तो भरतीचा कायदा आहे. पनवेल, खारघर, वाशी येथील रस्त्यांवर ज्या ‘ओव्हरसीज’ नावाच्या पाट्या दिसतात, त्यांपैकी कोणती पाटी कोणत्या कायद्याखाली येते हे विचारण्याची प्रथा आपल्याकडे नाही. ‘आम्ही विद्यार्थ्यांकडून एक पैसाही घेत नाही’ असे जो सल्लागार सांगतो त्याला पैसे कोण देते, हा प्रश्न तरी विचारावा. बहुतेक वेळा परदेशातील महाविद्यालय देते. प्रवेश मिळवून दिलेल्या दर विद्यार्थ्यामागे दलाली असते. हे बेकायदा नाही. परंतु वकील जर प्रतिपक्षाकडून फी घेत असेल तर त्याच्या सल्ल्याचे मोल किती मानायचे, हे कोणताही व्यवहारी माणूस ठरवू शकेल.

येथे मदतीला येतात ते ज्या देशांत जायचे त्या देशांचेच कायदे. ऑस्ट्रेलियात स्थलांतर एजंटांची सरकारी नोंदवही आहे आणि प्रत्येक नोंदणीकृत एजंटाला सात आकडी क्रमांक असतो. कॅनडात अशा सल्लागारांवर देखरेख ठेवणारे ‘कॉलेज’ २०२१ पासून काम करीत आहे. नाव महाविद्यालयाचे असले तरी ती व्यवसायाची नियामक संस्था आहे. न्यूझीलंडने सल्लागारांसाठी परवान्याचा कायदा २००७ मध्ये केला. या नोंदवह्या पनवेलमध्ये बसूनही पाहता येतात. त्याहून महत्त्वाची खूण म्हणजे अर्जावरची सही. अर्जदाराच्या वतीने कोणी काम करीत असेल तर त्याचे नाव सांगणारा वेगळा नमुना भरावा लागतो; ऑस्ट्रेलियात त्याचा क्रमांक ९५६ आहे. पैसे मोजून घेणारा, पण त्या नमुन्यावर स्वतःचे नाव घालण्यास कां-कूं करणारा सल्लागार आपला हेतू स्वतःच उघड करीत असतो.

कॅनडात २०२३ मध्ये जे घडले ते यामुळेच. पंजाबातून गेलेल्या विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रे बनावट असल्याचे काही वर्षांनी, त्यांनी कायम वास्तव्यासाठी अर्ज केल्यावर, उघडकीस आले. तोवर ती शिकली होती, काहींना नोकऱ्या लागल्या होत्या. सरकारी कागदांवर एजंटाची सही नव्हती; अर्ज विद्यार्थ्याने स्वतः भरला असेच दिसत होते. म्हणजे फसविला गेला तोच कागदोपत्री फसविणारा ठरत होता, आणि हद्दपारीची टांगती तलवार त्याच्याच डोक्यावर होती. हा पंजाबचा आजार आहे असे म्हणून आपल्याला मोकळे होता येत नाही. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने अमृतसरला उतरविलेल्या १०४ भारतीयांत तिघे महाराष्ट्रातील होते.

पनवेलच्या दृष्टीने आणखी एका धंद्याचा उल्लेख करणे भाग आहे. बेलापूर, नेरूळ, पनवेल या पट्ट्यात जहाजांवर माणसे पाठविणाऱ्यांची कार्यालये दाटीने आहेत, आणि रायगडच्या किनाऱ्यावरील मुलांना समुद्राचे आकर्षण जन्मजात आहे. या क्षेत्राचा नियम तर जमिनीवरील नोकऱ्यांहूनही कडक आहे. भारताने २०१५ मध्ये स्वीकारलेल्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारानुसार जहाजावर नोकरी मिळवून देण्याबद्दल खलाशाकडून शुल्क घेताच येत नाही. पारपत्र, वैद्यकीय दाखला, खलाशाचे नोंदणीपुस्तक यांचा खर्च त्याचा. नोकरीची किंमत शून्य. अशा भरतीसाठी नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी तेही प्रसिद्ध करते. तेव्हा ‘जहाजावर चढवून देतो, इतके लाख लागतील’ हे बोलणे महाग की स्वस्त हा प्रश्नच नाही; ते बोलणेच बेकायदा आहे. तरीही मुले पैसे भरतात, कारण एवढे पैसे मागतो त्याअर्थी काम नक्की होणार, असे त्यांच्या घरच्यांना वाटते. फुकट मिळणाऱ्या गोष्टीवर आपला विश्वास नसतो.

या सगळ्यात शासनाची बाजू निर्दोष आहे असे नाही. १९८३ च्या कायद्यात नोंदणीविना भरती करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. त्या काळी दोन हजारांना वजन होते. पुढे ती रक्कम एका उमेदवाराच्या शुल्काच्या पंधराव्या हिश्श्याइतकी उरली. नव्या कायद्याचा मसुदा २०२५ मध्ये लोकांपुढे ठेवण्यात आला तो या पार्श्वभूमीवर. परंतु जुन्या कायद्यातही एक तरतूद अशी आहे की, जिचा उपयोग फारच थोडे लोक करतात. एरवी खटला भरण्यास केंद्र सरकारची पूर्वसंमती लागते. पण फसविला गेलेला उमेदवार स्वतः, किंवा त्याच्या वतीने आई, वडील, पती, पत्नी, भाऊ, बहीण, मुलगा वा मुलगी यांपैकी कोणी तक्रार दाखल केली, तर अशा संमतीची गरज नाही. मुलगा परदेशात अडकलेला असताना पनवेलमध्ये बसलेल्या त्याच्या आईला हा अधिकार आहे. मात्र तक्रारीसोबत ती काय जोडणार, हे पैसे दिले त्या दिवशीच ठरून गेलेले असते : संस्थेच्या नावाची पावती, बँकेतील नोंद आणि सहीचा करार, की ओळखीच्या माणसाचा दूरध्वनी क्रमांक, जो आता लागत नाही.