वारंग्याच्या खिचडीत काय काय शिजते?

नांदेडहून हिंगोलीकडे निघाले, की अर्धापूर मागे पडल्यावर वारंगा फाटा लागतो. नागपूरकडे जाणारा रस्ता येथेच फुटतो. कळमनुरी तालुक्यातल्या या फाट्याचे नाव मराठवाड्यात घेतले जाते ते खिचडीसाठी. गंमत अशी, की या मुलखाचे रोजचे अन्न पिढ्यानपिढ्या ज्वारीची भाकरी, आणि लौकिक झाला तो तांदळाच्या पदार्थाचा!

खिचडी मात्र फार जुनी. संस्कृत ग्रंथांत तांदूळ आणि तीळ किंवा डाळ एकत्र शिजवलेल्या ‘कृसर’ या अन्नाचा उल्लेख येतो. चौदाव्या शतकात भारतात आलेल्या इब्न बतूताने मूग-तांदूळ एकत्र शिजवून तुपाबरोबर न्याहारीला खातात, असे नोंदवले आहे. त्यानंतर शतकभराने बिदरला राहून गेलेला रशियन व्यापारी निकितिन सांगतो, की येथे घोड्यांनाही साखर-तेल घातलेली खिचडी देतात. ‘ऐन-ए-अकबरी’त तर मापच दिले आहे: तांदूळ, डाळ आणि तूप प्रत्येकी पाच शेर, मीठ एक तृतीयांश शेर. डाळीइतकेच तूप! बादशाही मुदपाकखान्यालाच ते परवडावे.

या मापात मिरची नाही, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे. मिरची मूळची मेक्सिकोकडची. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर उतरली. खिचडीत कोणी शेंगदाणे घालतात, कोणी बटाटा, तर कोणी टोमॅटो. हे तिघेही अमेरिका खंडातलेच. कांदा-लसूण मध्य आशियाकडून आले. तूर मात्र अस्सल इथली. तिचे रानटी भाईबंद आजही ओडिशा-छत्तीसगडच्या जंगलांत सापडतात. हळद तर घरचीच: शेजारच्या वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. एका ताटात इतका भूगोल असताना नकाशा भिंतीवरच का ठेवावा?

आता आमच्या आवडीचा भाग, म्हणजे हिशेब. प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी काही शरीराला तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच मिळावी लागतात. तांदळात लायसीन कमी, मेथिओनिन बऱ्यापैकी. डाळीत नेमके उलटे. म्हणून दोघांची जोडी जमते.

पण जोडी जमायला प्रमाण लागते. शालेय पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ असे माप ठरलेले आहे. १०० ग्रॅम तांदळात सुमारे ७ ग्रॅम प्रथिने असतात आणि त्यांत लायसीन ३.६ टक्के, म्हणजे पाव ग्रॅम. २० ग्रॅम तूरडाळीत ४.४ ग्रॅम प्रथिने, त्यांत लायसीन सुमारे ६.८ टक्के, म्हणजे ०.३० ग्रॅम. एकूण ११.४ ग्रॅम प्रथिनांत ०.५५ ग्रॅम लायसीन, प्रमाण ४.८ टक्के. वाढत्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने धरलेले प्रमाणही ४.८ टक्केच आहे. म्हणजे खिचडी काठावर उत्तीर्ण!

डाळ निम्मी पडली तर? हाच हिशेब १० ग्रॅम डाळीचा केला, की एकूण प्रथिने ९.२ ग्रॅमवर येतात आणि लायसीन ४.४ टक्क्यांवर. खिचडी पिवळीच दिसते, पोटही भरते, पण मूल अनुत्तीर्ण अन्न खाऊन उठते. हळदीच्या रंगावरून डाळ ओळखता येत नाही. तिच्यासाठी तराजूच हवा आणि तो शिक्षकांच्या नजरेसमोर असावा, असे आम्हांला आग्रहाने सांगावेसे वाटते.

डाळ शिजण्याचीही एक अडचण आहे. आपल्या बेसाल्ट खडकातल्या विहिरी-बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशींना चिकटवून ठेवणाऱ्या पेक्टिनशी जोडले जातात आणि तो सांधा सुटत नाही. चिंच किंवा टोमॅटो आधी घातला तरी हेच होते, कारण आम्लातही पेक्टिन सहजी विरघळत नाही. मग घाईत खाण्याचा सोडा पडतो. सोडा कॅल्शियमला बाजूला काढतो, पेक्टिन विरघळवतो, डाळ झटपट मऊ होते. पण अल्कधर्मी पाण्यात थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, उकळताना नष्ट होते. आधीच सडलेल्या पांढऱ्या तांदळात ते थोडेच उरलेले असते.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. दोन परीक्षानळ्यांत हळदीचे पाणी घ्या. एकीत सोड्याचे पाणी घालून चांगले उकळा. पिवळा रंग तांबूस होत जाईल. दुसरीत चिंचेचे पाणी घाला. पिवळा रंग कायम राहील. मग दोन भांड्यांत सारखी डाळ घ्या, एकीत विहिरीचे आणि दुसरीत साठवलेले पावसाचे पाणी घालून सारख्याच आचेवर शिजवा आणि दर पाच मिनिटांनी दाणा बोटांत चिरडून पाहा. तीच डाळ रात्रभर भिजवून घेतली, तर विहिरीच्या पाण्यातही किती वेळ वाचतो, हे मुलांनाच घड्याळ लावून मोजू द्या.