ढिला बीम, ताठ बीम
सोलापुरी चादर कधी उलटी करून नीट पाहिली आहे? सुलट बाजूला पांढऱ्या जमिनीवर लाल मोर असेल, तर उलट बाजूला लाल जमिनीवर पांढरा मोर निघतो. ही छपाई नव्हे. जिथं एका रंगाचा धागा वर येतो, तिथंच दुसऱ्या रंगाचा खाली दडतो. पण चादरीच्या रुंदीत उभे धागे शेकड्यांनी असतात. त्यातला कोणता कधी उचलायचा, हे कारागिरानं लक्षात ठेवायचं म्हटलं तर वेडच लागेल!

ते काम मागाच्या डोक्यावर बसलेलं जेकार्ड करतं. फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या जोसेफ मारी जाकारनं १८०४ च्या सुमारास ही युक्ती जमवली. नक्षी आधी ग्राफ पेपरवर काढायची, मग प्रत्येक आडव्या धाग्यासाठी पुठ्ठ्याचं एक कार्ड टोचायचं. भोक असेल तिथं सुई आत शिरते, तिचा हूक वर जाणाऱ्या पट्टीवर अडकतो आणि धागा उचलला जातो. भोक नसेल तर कार्ड सुईला मागं रेटतं, हूक सुटतो, धागा खालीच राहतो. भोक आहे किंवा नाही, एवढ्याच भाषेत अख्खा मोर लिहून होतो. चार्ल्स बॅबेजनं पुढं आपल्या गणनयंत्रासाठी हीच कार्डं उचलली. आता कार्डांच्या माळा जाऊन इलेक्ट्रॉनिक जेकार्ड येत आहेत. तर्क मात्र तोच.

सोलापुरात हे यंत्र समजणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्यांची. शहरात १८७७ मध्ये कापड गिरणी सुरू झाली, तीच पुढं ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली गेली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भागात माग मांडले. घरात तेलुगू, बाहेर मराठी. सुताचा नंबर मात्र दोन्हीकडं एकच हिशेब सांगतो: एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात. २० नंबर म्हणजे १६,८०० वार; अर्ध्या किलोहूनही कमी सुतात पंधरा किलोमीटरपेक्षा लांब धागा! नंबर चढला की सूत बारीक होतं.

मला खरी गंमत वाटते ती टॉवेलची. त्यावरचे लूप कोण काढतं? सुई नाही, आकडा नाही. मागावर एकाऐवजी दोन बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेले रूळ, असतात. एकावरचे उभे धागे ताठ ताणलेले, तो पाया. दुसऱ्यावरचे ढिले. धोटा आडवा धागा टाकून गेला की एरवी फणी तो ठोकून आधीच्या विणीला भिडवते. टॉवेलच्या मागावर तसं होत नाही. पहिले दोन धागे फणी विणीपासून थोडं अंतर राखूनच सोडते. तिसरा पडला की पूर्ण ठोका बसतो आणि तिन्ही धागे मिळून ताठ धाग्यांवरून पुढं सरकतात. त्यांच्या चिमटीत सापडलेले ढिले धागे सोबत ओढले जातात, त्यांना जागा पुरत नाही, मग ते वाकून उभे राहतात. झाला लूप! मागं राखलेलं अंतर जेवढं जास्त, तेवढा लूप उंच. म्हणूनच ढिला बीम ताठ बीमच्या कितीतरी आधी संपतो.

लुपांचं सूत मुद्दाम कमी पिळाचं घेतात, म्हणजे तंतूंमध्ये पाणी शिरायला वाट राहते. तुर्कस्तानात हेन्री ख्रिस्ती नावाच्या इंग्रजानं असं कापड पाहिलं, त्यावरून इंग्लंडमध्ये यंत्रावरचे टॉवेल निघाले आणि १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात मांडले गेले. आपण आजही ‘टर्किश टॉवेल’ म्हणतो. सोलापूरच्या टॉवेलला आणि चादरीला मात्र स्वतःचं भौगोलिक मानांकन आहे.

या विणीत लूप फक्त आडव्या धाग्यांच्या चिमटीवर टिकलेला असतो, गाठ कुठंच नाही. त्यामुळं टॉवेलचा एखादा धागा बाहेर आला तर ओढू नका. शेजारचे लूप ओळीनं सपाट होतील. कात्रीनं बुडाशी कापून टाका. पाया वेगळ्या बीमचा आहे, तो उसवत नाही.