‘टेक’ आणि ‘घेणे’

गुरुजींच्या स्मरणार्थ काही सांगावयाचे म्हटल्यावर प्रथम आठवली ती माझीच फजिती. ‘ही टूक अ बस’ या वाक्याचे भाषांतर मी ‘त्याने बस घेतली’ असे केले. वर्ग हसला. गुरुजी गंभीरपणे म्हणाले, “बस घेण्याइतका तो श्रीमंत असता, तर लाटंबार्सेहून दोडामार्गापर्यंत चालत का गेला असता?” त्या हशाने मी एवढा खचलो, की कित्येक महिने वर्गात मोठ्याने इंग्रजी वाचले नाही. अखेर गुरुजींनीच मला जवळ बसवून या एका क्रियापदाचे प्रकरण उलगडून दाखविले.

औषध आपण घेतो, रजाही घेतो; तेथे ‘टेक’ आणि ‘घेणे’ जोडीने चालतात. परंतु छायाचित्र आपण काढतो. वेळ तर आपल्याकडे ‘लागतो’. इंग्रजीत कामच वेळ ‘घेते’. मुलगी आईच्या वळणावर जाते, तेथेही इंग्रज ‘टेक’च वापरतो. एका शब्दास एकच प्रतिशब्द असतो, ही माझी समजूत अशी एकेक वाक्याने ढासळली.

गंमत अशी, की हा शब्द मूळचा इंग्रजीचा नव्हेच. जुन्या इंग्रजीत घेणे या अर्थी ‘निमान’ होते. जर्मन भाषेतील ‘नेमेन’ त्याचे भावंड. नवव्या शतकापासून उत्तरेकडील दर्यावर्दी इंग्लंडच्या पूर्व व उत्तर भागांत वसले आणि त्यांच्या ‘ताका’ने ‘निमान’ला हळूहळू हुसकावले. या शब्दाच्या गॉथिक नातलगाचा अर्थ स्पर्श करणे असा होता. आपले ‘घेणे’ मात्र ‘ग्रह्’ धातूपासून प्राकृतातून घरीच वाढले. ‘ग्रहण’ आणि ‘अनुग्रह’ त्याचेच आप्त.

शेजाऱ्याकडून नामे उसनी आणणे सोपे. इतके रोजचे क्रियापद आणणे विरळा. आपल्या डिचोली महालावर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमल होता. जनेल, पाव, चावी हे शब्द घरोघर रुळले. ‘पगार’ हे तर पोर्तुगीजमधील क्रियापद, अर्थ देणे चुकविणे. ‘इस्त्री’चे मूळही ताणणे या अर्थाच्या क्रियापदात मानतात. पण मराठीने दोहोंना नाम करून टाकले: पगार ‘देतात’, इस्त्री ‘करतात’. फारसीच्या वळणाने ‘फर्मावणे’, ‘नवाजणे’ अशी काही क्रियापदे आली खरी. तरीही ‘घेणे’, ‘देणे’, ‘जाणे’ यांच्या जागेस कोणी हात लावू शकले नाही.

इंग्रजीच्या बाबतीतही बहुधा तेच घडते. फोन आपण ‘करतो’. चित्रीकरणाच्या निमित्ताने ‘टेक’ स्वतःच मराठीत येऊन बसला आहे. पण नाम होऊन. त्याचे क्रियापद कोणते? टेक ‘घेतात’.