शिशाचा वाढदिवस

मेंदूविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स वाढदिवस मूलद्रव्यांच्या अणुक्रमांकांवरून मोजत. ९ जुलै २०१५ला पाळी शिशाची होती: ८२.

झोपेच्या आजाराच्या साथीनंतर दशकानुदशकं गोठून बसलेल्या रुग्णांना १९६९मध्ये न्यूयॉर्कच्या रुग्णालयात एल-डोपा देऊन जागं करणारे डॉक्टर ते हेच. पुढे त्यांतल्या अनेकांची प्रकृती पुन्हा बिघडली. तेही त्यांनी प्रांजळपणे लिहिलं.

डोळ्यातला कर्करोग यकृतात पसरल्याचं त्यांनी २०१५च्या फेब्रुवारीत लेख लिहून स्वतःच जाहीर केलं. भीती नाकारली नाही, पण कृतज्ञतेचं पारडं जड असल्याचं सांगितलं. बातम्या पाहणं मात्र सोडलं! वेळ कुणाला होता?

त्र्याऐंशीवा वाढदिवस दिसणार नाही, असं वाटत असूनही टेबलावर त्या क्रमांकाचं बिस्मथ होतंच. दुसऱ्या टोकाला बालपणाची आठवण म्हणून चौथं मूलद्रव्य, बेरिलियम. ३० ऑगस्टला ते गेले.