गंजाला रंग लावू नका

२००५ साली आलेल्या टाटा एसला आपल्याकडे ‘छोटा हत्ती’ हे नाव कायमचं चिकटलं. कल्याणच्या बाजार समितीत भाजी वाहणारे, एमएच-०५ पाटीचे असे जुने हत्ती बघा. इंजिन ठणठणीत, पण हौद्याचा पत्रा जाळीदार. मालक म्हणतो, विकण्यापेक्षा रंगवून घेऊ. विचार बरोबर आहे, फक्त क्रम चुकतो.

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो. मीठ असेल तर पाण्यातून विद्युतभार सहज वाहतो आणि हे काम वेगाने होतं. ठाण्याच्या खाडीकाठची हवा, मासळीच्या पेट्यांतून हौद्यात गळणारं खारं पाणी, वर चार महिने पाऊस. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. म्हणूनच त्यावर मारलेला रंग फुगतो आणि पापुद्रे सुटतात.

तेव्हा आधी चकचकीत धातू दिसेपर्यंत घासायचं. कोपऱ्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण लावलं की त्याचं स्थिर फॉस्फेट बनतं. मग इपॉक्सी प्रायमर, नंतर पुट्टी, शेवटी रंग. पुट्टी सच्छिद्र असते, ओल शोषते. भोकं तिने बुजवणं ही शुद्ध फसवणूक. तिथे नवा पत्रा वेल्डच करावा. काम पावसाळ्याआधी उरकलेलं बरं.

रंगच बदलणार असाल, तर आरसीवर नोंद हवी. आणि चॅसिसवर हातोडी मारून बघा: बद्द आवाज आला, पापुद्रे गळाले, तर रंगाऱ्याला परत पाठवा.