सोन्याचं लाल पाणी

सोन्याचे कण पुरेसे बारीक झाले की सोनं पिवळं दिसत नाही, लाल दिसतं. 1857 साली मायकेल फॅरेडेने फॉस्फरस वापरून असं माणकासारखं लाल द्रावण तयार केलं होतं. प्रयोगशाळेत आज शिकवतात ती सोपी कृती मात्र जॉन टर्केविच आणि त्याच्या सहकाऱ्यांची, 1951 सालची.

आधी काचेची भांडी सोनं विरघळवणाऱ्या आम्लराजाने धुवायची. काम कंटाळवाणं आणि जपून करण्याचं, पण टाळायचं नाही. मागच्या खेपेचं सोनं काचेला चिकटून राहिलं, तर नवं सोनं त्यावरच जाऊन बसतं. मग 0.01 टक्के क्लोरोऑरिक आम्लाचं, म्हणजे सोन्याच्या संयुगाचं, 50 मिलीलिटर फिकट पिवळं द्रावण ढवळत उकळायचं आणि त्यात 1 टक्का सोडियम सायट्रेटचं द्रावण झटकन ओतायचं. पिवळी छटा जाते, पाणी करडं-निळसर होतं, जांभळ्याकडे झुकतं आणि काही मिनिटांत लाल होतं.

सायट्रेट इथे दुहेरी काम करतं. आधी सोन्याच्या आयनांना इलेक्ट्रॉन मिळवून देतं. त्यातून सुटे झालेले अणू एकत्र येऊन सूक्ष्म केंद्रकं बनतात आणि उरलेलं सोनं त्यांच्यावर चढत जातं. मग तेच सायट्रेट कणांना बिलगून त्यांच्यावर ऋणभार आणतं, त्यामुळे कण एकमेकांना दूर ढकलतात.

आता प्रमाण बदलून पाहू. 1973 साली फ्रेन्स या संशोधकाने दाखवलं, की वरच्या द्रावणात 1 मिलीलिटर सायट्रेट घातलं तर कण सुमारे 16 नॅनोमीटरचे होतात, अर्धा मिलीलिटर घातलं तर सुमारे 41चे. कमी सायट्रेटने कण मोठे! तेवढ्याच बेसनाचे थोडेच लाडू वळले तर ते मोठेच होणार. सायट्रेट कमी पडलं की शेवटी टिकणाऱ्या कणांची संख्याच घटते आणि तेवढंच सोनं थोड्यांत वाटलं जातं. ओतण्याचा क्रम उलटा केला, म्हणजे उकळत्या सायट्रेटमध्ये सोनं घातलं, तरी आकार बदलतो. कण आणखी लहान होतात. तापमान उतरलं तर सगळं रेंगाळतं.

लाल रंग येतो तो कणांतल्या इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक आंदोलनामुळे. लहान कण 520 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतात, लाल पुढे जाऊ देतात. या द्रावणात साधं मीठ टाका: भारामुळे होणारं अपकर्षण झाकलं जातं, कण गोळा होतात आणि लाल पाणी निळं पडतं. गर्भधारणा चाचणीच्या बऱ्याच पट्ट्यांवरची गुलाबी रेघ अशाच कणांची असते; त्यांच्यावर प्रतिपिंडं चढवलेली असतात. म्हणून पट्टी बनवणाऱ्याला कण साठवणीत गोळा होऊ न देण्याची काळजी आधी घ्यावी लागते.