मलमाने बरं वाटलं, म्हणजे इसबच का?

जुहूच्या खाऱ्या, दमट हवेत अंगाला खाज सुटणं ही तक्रार मानलीच जात नाही. जांघेत नायटा, मानेवर घामोळं, बोटांच्या बेचक्यात चिखल्या. मेडिकलवाल्याला सांगायचं, एक ट्यूब आणायची, चार दिवस चोळायची. बहुतेक वेळा हे निभावून जातं. एका जागी मात्र ही सवय घात करू शकते, आणि ती जागा म्हणजे स्तनाग्र. एकाच बाजूच्या स्तनाग्रावर खाज किंवा आग, पातळ खपली, ती निघाल्यावर ओलसर लाल कातडी, कधी कपड्याला लागणारा रक्ताचा ठिपका: हे सगळं इसबासारखंच दिसतं. पण काही स्त्रियांमध्ये तो पॅजेटचा आजार असतो, म्हणजे स्तनाच्या कर्करोगाचा एक दुर्मीळ प्रकार. सावळ्या त्वचेवर लाली नीट उठून दिसत नाही, आणि पाठ्यपुस्तकांतली बरीचशी छायाचित्रं गोऱ्या त्वचेची असतात. त्यामुळे आपल्याकडे फसगत होण्याची शक्यता थोडी जास्तच.

‘आधी साधं इसब होतं, दुर्लक्ष केलं म्हणून त्याचा कर्करोग झाला’ हा समज फार पक्का आहे. त्याचं मूळ थेट सर जेम्स पॅजेट यांच्यापर्यंत जातं. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातल्या या शल्यचिकित्सकाने 1874 मध्ये पंधरा स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. प्रत्येकीच्या स्तनाग्रावर आधी न भरणारा चट्टा आला आणि दोन वर्षांच्या आत त्याच स्तनात कर्करोग उघड झाला. त्वचेच्या दीर्घ जळजळीतून आतला रोग उद्भवतो, असा तर्क त्यांनी केला. निरीक्षण अचूक होतं, पण क्रम बहुधा उलटा होता. सूक्ष्मदर्शकाखाली त्वचेच्या वरच्या थरात मोठ्या, फिकट, ठळक केंद्रकाच्या पेशी विखुरलेल्या दिसतात, आणि जवळपास नव्वद टक्के रुग्णांत खाली स्तनातही कर्करोग सापडतो: कधी दुधाच्या नलिकांपुरता मर्यादित, कधी बाहेर पसरलेला. नलिकांतल्या पेशी वर सरकत स्तनाग्राच्या त्वचेत शिरतात, हे मत आज सर्वाधिक मान्य आहे. उरलेल्या थोड्या रुग्णांत आत काहीच सापडत नाही. तिथे पेशी त्वचेतच जन्मल्या असाव्यात, असं काही जण म्हणतात, आणि तो वाद पुरता मिटलेला नाही. (याच पॅजेट यांचं नाव हाडांच्या एका वेगळ्याच आजारालाही आहे. मोबाइलवर नाव शोधणाऱ्यांनी तेवढं लक्षात ठेवावं.)

यावर नेहमीचा आक्षेप असा की मलमाने फरक पडला होता, मग कर्करोग कसा? फरक पडतो, हे खरंच आहे. बाजारातल्या अनेक मलमांत स्टेरॉइड असतं. ते भोवतालची सूज, खाज आणि लाली कमी करतं, वरची कातडी काही काळ भरूनही येते. त्वचेत शिरलेल्या त्या फिकट पेशींना मात्र त्याने काही होत नाही. म्हणजे तात्पुरता आराम हा निदानाचा पुरावा नाहीच, उलट त्याने कित्येक महिने वाया जातात. स्टेरॉइड मलमांचा देशभर इतका बेसुमार वापर झाला, की 2018 मध्ये केंद्र सरकारला त्यांपैकी अनेकांची डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय होणारी विक्री रोखणारा नियम काढावा लागला. डोळ्यांना दिसणारा एक भेद उपयोगी आहे. इसब सहसा भोवतालच्या काळसर वर्तुळात सुरू होतं आणि बरेचदा दोन्ही बाजूंना असतं. पॅजेटचा आजार जवळजवळ नेहमी एकाच बाजूला, स्तनाग्रापासून सुरू होऊन बाहेर पसरतो. पण हा भेद संशय घेण्यापुरता. निकाल त्यावर लावू नये.

‘गाठ लागत नाही, मॅमोग्राफीही स्वच्छ आहे’ हे दुसरं समाधान. निदानाच्या वेळी साधारण निम्म्या रुग्णांत हाताला गाठ लागत नाही, आणि अशांपैकी अनेकींची मॅमोग्राफी निर्दोष येऊ शकते. तेव्हा एमआरआयचा आधार घ्यावा लागतो. मग हाताने तपासणं निरर्थक का? तसंही नाही. टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी स्तन तपासले त्या गटात, 2021 च्या निष्कर्षांनुसार, पन्नाशीपुढच्या स्त्रियांचे स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले. तो अभ्यास पॅजेटच्या आजारापुरता नव्हता. पण यंत्राशिवाय काही कळतच नाही, हा समज त्याने खोडून काढला.

निर्णय शेवटी त्वचेच्या तुकड्यावर होतो, आणि इथेच सगळ्यात मोठी भीती आडवी येते: सुरी लागली की रोग खवळतो. या भीतीला आधार नाही. स्थानिक भूल देऊन स्तनाग्राचा काही मिलिमीटरचा पूर्ण जाडीचा तुकडा घेतात. त्यासाठी परळचं टाटा मेमोरियलच गाठावं लागतं असंही नाही, जुहूतल्याच पालिकेच्या कूपर रुग्णालयाला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं आहे. नुसतं खरवडून घेतलेल्या नमुन्यात काही दिसलं नाही तर त्यावर विसंबू नये. मेलॅनोमा आणि बोवेनचा आजार हे त्वचेचे रोगही कधी कधी हुबेहूब असेच दिसतात, म्हणून पॅथॉलॉजिस्ट प्रतिपिंडांच्या चाचण्या करतात. पॅजेटच्या पेशी बहुधा केराटिन 7 या प्रथिनाच्या चाचणीला प्रतिसाद देतात आणि बहुसंख्य रुग्णांत हर2 हे प्रथिन त्यांच्यावर भरपूर असतं.

‘इतका दुर्मीळ आजार, उगाच कशाला घाबरवायचं?’ हा आक्षेप वाजवी वाटतो, पण हिशेब करून पाहावा. स्तनाच्या कर्करोगांत याचं प्रमाण एक ते तीन टक्के सांगितलं जातं. 2022 च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे एक लाख ब्याण्णव हजार नवे स्तनकर्करोग होतात. तेच प्रमाण इथे धरलं तर आकडा दोन ते पावणेसहा हजारांच्या घरात जातो. आणि निदान म्हणजे पूर्ण स्तन गमावणं, असंही आता राहिलेलं नाही. रोग स्तनाग्रामागेच मर्यादित असेल तर निवडक रुग्णांत स्तनाग्र, भोवतालचं वर्तुळ आणि खालचा भाग काढून उरलेल्या स्तनाला किरणोपचार देतात. रोग अनेक ठिकाणी असेल तर पूर्ण स्तन काढणं हाच मार्ग राहतो. पुढचं भवितव्य स्तनाग्रावरचा चट्टा किती मोठा यापेक्षा खालचा कर्करोग नलिकांबाहेर पडला आहे का आणि काखेतल्या गाठींपर्यंत पोचला आहे का, यावर ठरतं.